मधमाश्यांना आधी एक थाप

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

अकरा मुद्दे! आकडे घालून, टाइप करून, वर तारीख घालून!

इमोजेनचं पत्र आलं. इमोजेन म्हणजे माझी संपादक, लंडनची, वय सव्वीस, कायम घाईत. टान्स्लीबाईंच्या प्रकाशकांनी माझ्या ‘टिल्डा आणि काळी शाळा’ची कच्ची प्रत कुठूनशी मिळवून वाचली. त्यांचं म्हणणं, बाईंच्या १९६१ सालच्या कादंबरीशी माझं पुस्तक अकरा ठिकाणी जुळतं. समाधानकारक उत्तर आलं नाही तर मे महिन्यातलं प्रकाशन रद्द.

बारा वर्षं. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचे बटाटे सोलायचे आणि दुपारी येऊन टिल्डा लिहायची. बारा वर्षं! आणि ज्या पुस्तकातून म्हणे मी उचललं, ते मी आयुष्यात वाचलेलं नाही.

बाबांना जेवताना सांगितलं. म्हणाले, “टान्स्ली? असेल कोणी.” आणि मीठ मागितलं.

उत्तर देणार. एकेका मुद्द्याला देणार.

१० फेब्रुवारी, बुधवार

मुद्दा पहिला: दोन्ही पुस्तकांत नायक पोरका.

अहो, पोरका नसेल तर गोष्ट पुढे कशी सरकणार? आई घरात असती तर तिने टिल्डाला दारातच अडवून विचारलं असतं, मोजे घातलेस का, आणि कुठे निघालीस? संपली कादंबरी पहिल्या पानावर. गेल्या तीस वर्षांत बालजादूगारांच्या जेवढ्या कादंबऱ्या आल्या त्यांतल्या निम्म्यांत आईबाप आधीच वारलेले आहेत. ही चोरी नव्हे, ही गरज आहे. (मला आई नव्हती सहाव्या वर्षापासून. म्हणून तर मला ठाऊक, अशा पोरांना कोणी अडवत नाही.)

दुसरा: खाष्ट मावशी. तिसरा: लांब दाढीचा गुरू, जो ऐन वेळी मरतो. तो मेलाच पाहिजे, नाहीतर पोरं स्वतः काही करणार नाहीत.

चौथा: जादूची निवासी शाळा. हा मला आवडला! या देशात शेकडो वर्षं मोठ्या घरची पोरं आठव्या वर्षी ट्रंक भरून दूर धाडली जातात. थंड खोल्या, पातळ लापशी, छडी. त्यात फक्त जादू घालायची बाकी होती. आणि तीही आधीच घातलेली आहे. सैतानाच्या काळ्या शाळेची दंतकथा स्कॉटलंडपासून खाली सगळीकडे सांगतात: वर्ग संपला की सगळी दाराकडे पळतात आणि शेवटी राहिलेल्याला सैतान धरतो. एक हुशार पोरगा म्हणतो, मी नाही शेवटचा, माझ्या मागे तो बघ! सैतान त्याची सावलीच धरून बसतो. म्हणजे पाचवा मुद्दा, बिनसावलीचा जादूगार, तोही तिथलाच. आम्ही दोघी एकाच विहिरीवर पाणी भरतो आणि हे लोक विचारतात, तुझ्या बादलीत तिच्यासारखंच पाणी कसं!

११ फेब्रुवारी

सहा ते नऊ झाले. खरं नाव कोणाला न सांगणं, न उघडायचं दार, बोलणारं जनावर, गुरू बाहेर गेल्यावर केलेला आगाऊपणा. सगळं हजार वर्षं जुनं. हात दुखतोय. बरं वाटतंय.

१७ फेब्रुवारी, बुधवार

वाचनालयाने टान्स्लीबाईंचं पुस्तक मागवून दिलं. दोन दिवसांत वाचलं. रागाने सुरू केलं आणि शेवटी रडले, हे फक्त इथेच लिहिते. बाई थोर आहे. तिचा पोरगा रॉबिन डोंगर उतरतो ते प्रकरण मला जमलं नसतं. दहावा मुद्दा (दोघांकडे डोंगर) आता हसण्यावारी नेते. इथे डोंगर नाहीतर काय समुद्र घालू?

पण अकरावा. अकरावा मी तीनदा वाचला.

रॉबिन मधमाश्यांना बातमी सांगायला जातो. त्यात नवल नाही. घरात कोणी गेलं, कोणाचं लग्न ठरलं, की मधपेटीवर घराच्या किल्लीने ठोकून माश्यांना सांगायचं, नाहीतर त्या रुसून निघून जातात, हे सगळ्या इंग्लंडभर करतात. पण रॉबिन आधी त्यांना एक सणसणीत थाप मारतो. माश्या चिडून गुणगुणतात. मग तो खरं सांगतो आणि त्या गप्प होतात.

टिल्डा हेच करते. तिची पहिली जादू तीच. शेवटचं प्रकरण सगळं त्यावरच उभं आहे, ते काढलं तर पुस्तक बसलंच.

पण ही आमच्या खोऱ्याची रीत आहे! मी लहानपणापासून करते. बाबा करतात. आमच्या थॉर्सबेक गावातले सगळे मधवाले करतात. बाईंनी ती आमच्याकडून घेतली असणार. सिद्ध करते.

२० फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! क्रॅडॉक मास्तरांची पुस्तिका, ‘आमच्या खोऱ्यातील जुन्या चालीरीती’, १९७४. पान १९: “मधमाश्यांस वार्ता देण्यापूर्वी एक असत्य सांगण्याची येथे फार प्राचीन प्रथा आहे.” फार प्राचीन! छापील! प्रत काढून लंडनला धाडली. घरभर नाचले. बाबा म्हणाले, “काय झालं पोरी, उंदीर दिसला का?” पान १९ त्यांच्यासमोर धरलं. चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, आणि मधपेट्यांच्या फ्रेमा खरवडायला शेडमध्ये गेले. शाबासकीचा एक शब्द नाही.

३ मार्च, बुधवार

इमोजेनचा फोन. “हेस्टर, जिंकलो आपण! वकील खूश आहेत. फक्त एक औपचारिक ओळ हवी. मास्तरांना ही प्रथा कोणी सांगितली, तेवढं त्यांच्याकडून लिहून आणा.”

तेवढंच? उद्या आणते.

४ मार्च, गुरुवार

क्रॅडॉक मास्तर, ब्याऐंशी वर्षांचे, पण कागद न् कागद जपलेला. बिस्किटांच्या डब्यात कार्डं, प्रत्येकावर कोणी सांगितलं त्याचं नाव. कार्ड काढलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं.

“अगं, घरचीच माहिती विचारायला एवढी मैलभर चालत आलीस?”

कार्डावर नाव: विल्फ्रेड हॉर्सफॉल. माझे बाबा.

“आणखी कोणी?” मी विचारलं.

“दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं तेव्हा. पुस्तिका निघाल्यावर मग सगळेच करायला लागले. आता तर म्हणतात, आमच्या पणजोबांपासून आहे.” मास्तर हसून हसून खोकले. मी हसले नाही.

५ मार्च

बाबांना विचारलं नाही. मटणाचा पाय केला. दोघांनी खाल्ला.

१४ मार्च, मदरिंग संडे (इथला मातृदिन)

दरवर्षीसारखं आईच्या थडग्यावर डॅफोडिलची फुलं ठेवून आलो. परत आल्यावर बाबा शेडमध्ये गेले. मी चहा घेऊन मागे गेले आणि दारातच उभी राहिले, म्हणजे त्यांना निसटता येऊ नये.

“बाबा, थाप मारायची रीत कुठून आली?”

“जुनी आहे.”

“किती जुनी?”

त्यांनी फ्रेम खाली ठेवली. तिच्यावरचं मेण नखाने काढत राहिले. मग म्हणाले, “छत्तीस वर्षं.”

मग सगळं सांगितलं. आई गेली आणि मी बोलणं बंद केलं. अकरा आठवडे एक शब्द नाही. (हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं!) डॉक्टर झाले, पाद्री झाले. बाबांना काय करावं सुचेना म्हणून फिरत्या वाचनालयाच्या बाईने जे हातात दिलं ते रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायचे. टान्स्लीबाईंची कादंबरी. रॉबिन माश्यांना थाप मारतो तिथे मी हसले.

“हसलीस, गं. मोठ्याने. मग मी तुला उचललं आणि पेट्यांपाशी नेलं. किल्लीने ठोकलं आणि म्हटलं, ऐका गं माश्यांनो, उद्यापासून हा विल्फ इंग्लंडचा राजा! तू म्हणालीस, खोटं! पहिला शब्द तो. मग मी त्यांना खरं सांगितलं, लिनेट गेली म्हणून. तोवर कुठे सांगितलं होतं.”

“मग जुनी रीत का म्हणालात?”

“तू विचारलंस, हे पुस्तकातलं आहे का? पुस्तकातलं म्हटलं असतं तर तू पुन्हा गप्प बसली असतीस. म्हटलं, नाही, आपली जुनी रीत आहे. मग मास्तरांनी विचारलं तेव्हा काय सांगू, की मी पोरीला फसवलं?” आणि मग एकदम चिडून, “आता काय, फासावर देणार म्हाताऱ्याला?”

मी त्यांना मिठी मारली. चहा सांडला. राग आलाय आणि नाहीही.

१५ मार्च, सोमवार

म्हणजे अकरावा मुद्दा त्यांचा बरोबर आहे. ते पुस्तक मी वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. विसरले होते आणि आपलं समजून लिहिलं.

कोणाला कळणार नाही. कार्ड मास्तरांच्या डब्यात आहे, वकिलांना ‘एका स्थानिक मधपाळाने सांगितली’ एवढं पुरेल. ते खरंही आहे. दिवसभर बटाटे सोलताना हेच घोळवत होते.

नाही. दहा मुद्दे मी का जिंकले? कारण मी जिथून घेतलं ते बोट ठेवून दाखवू शकले. सगळेच एकमेकांचं घेतात, सैतानाच्या शाळेपासून घेत आलेत, त्यात लाज नाही. कोणाचं घेतलं ते ठाऊक असून लपवणं, ती चोरी. अकराव्याला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, असं माझ्याच्याने होणार नाही.

टान्स्लीबाईंना थेट पत्र लिहिलं. सगळं, अकरा आठवड्यांसकट. शेवटी: “पुस्तकाच्या सुरुवातीला तुमचं ऋण छापते. तेही नको असेल तर पुस्तक मागे घेते.” टपालपेटीत टाकलं. एक प्रत इमोजेनला.

१८ मार्च, गुरुवार

इमोजेन फोनवर जवळजवळ रडत होती. “आपण जिंकलो होतो हो! गप्प राहता आलं नाही का तुम्हाला?”

“नाही.”

“छपाई थांबवली आहे. बाई त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, पत्रांना उत्तरं देत नाहीत. आता सगळं त्यांच्यावर.”

“असू दे.” फोन ठेवला. संध्याकाळी टिल्डाचा दुसरा भाग सुरू केला. छापोत न छापोत.

२२ मार्च

टपाल नाही. सात पानं झाली.

२६ मार्च, शुक्रवार

टान्स्लीबाईंचं पत्र. हिरवी शाई, वाकडी अक्षरं. जसंच्या तसं उतरवते:

“खुशाल छापा, तसं दोन्ही प्रकाशकांना कळवलं आहे. पण ऋण माझं नव्हे. तुमच्या पत्त्यावरचं घर मी पाहिलेलं आहे. जून १९५७ मध्ये सायकलवरून जाताना तिथे पाणी मागितलं होतं. एक तरुण बाई, पोट दिसू लागलेली, मधपेटीला म्हणत होती की तिला हत्ती होणार आहे, आणि स्वतःच खिदळत होती. मी विचारल्यावर म्हणाली, आधी थाप मारावी, मग खरं सांगावं, म्हणजे त्या नीट ऐकतात. ही माझीच युक्ती, नवऱ्याला सांगू नका, वेडी म्हणेल. मग पेटीकडे वळून खरं सांगितलं: सप्टेंबरात बाळ होणार. ती युक्ती मी उचलली आणि तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही कळवाल का?”

मी त्या सप्टेंबरात जन्मले.

बाबांना दोनदा वाचून दाखवलं. मग नाव लिहून पाठवलं. लिनेट हॉर्सफॉल.