पेटुनिया चालत नाही

शनिवार, माघ. रत्नागिरी. संध्याकाळ.

आज ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. सगळं रीतसर झालं, भटजी म्हणाले. मग मघापासून काहीतरी राहून गेल्यासारखं का वाटतंय?

सकाळी ह्यांच्या फोटोपुढे पेटुनियाचं एकच जांभळं फूल ठेवलं होतं. त्याची काडी ह्यांनीच खोचलेली, जाण्याच्या थोडे दिवस आधी. पावसाळाभर मी ती पडवीत जपली. आता टांगलेल्या कुंडीतून लोंबत लोंबत जमिनीला टेकायला आलीय. लांज्याहून वन्सं आल्या आणि त्यांनी ते फूल अलगद उचललं. "वहिनी, असली फुलं चालत नाहीत गो. आणि किती चिकट आहे!" तिथे झेंडू ठेवला. रागाने नाही, मायेनेच. जन्मात ज्या माणसाने झेंडू लावला नाही, त्याला झेंडू!

चिकट. हे मला सांगायला हवं? रोज संध्याकाळी हे सुकलेली फुलं खुडायचे आणि तसेच येऊन पानावर बसायचे. मी ओरडायचे, "अहो, आधी हात धुवून या!" साबणानेही तो चिकटपणा धड जायचा नाही.

सगळे गेल्यावर मी कुंडीखाली उभी राहिले. सुकलेली फुलं खुडली, एकेक करून. कोणासाठी, कोण जाणे.

मग पान वाढून घेतलं. हात धुवायला नळापर्यंत गेले आणि नळ न सोडताच परत आले.

तशाच हाताने भात कालवला.