टेबलाजवळचे पिंजरे

१२ जाने. ९८, शिरूर
परवा गिनीपिगांच्या कातडीत टीबीच्या चाचणीचं औषध टोचलं होतं, आज बघितलं. काहींना चांगलीच गाठ आलीय. ज्याच्या अंगात टीबी शिरलाय त्यालाच ती येते, आणि यांना आपण अजून टीबी दिलेलाच नाही. निम्म्यांना लस, निम्मे तसेच, मग सगळ्यांना जंतू द्यायचे, शरीर कसं लढतं ते रक्तात बघायचं, असं ठरलेलं. सुरुवात व्हायच्या आधीच सगळं बिघडलं. लॅबचे सर म्हणाले, कोणीतरी बाहेरून आणलाय. त्या खोलीत दोघंच जातो. मी, आणि जनावरांचं सगळं बघणारे बापूमामा.

१३ जाने.
सरांनी विचारलं, बापू खोकतो का. मी हो म्हणाले. खोटं नव्हतं, मामा सकाळी खोकतात. तो खोकला तंबाखूचा, हे मात्र सांगितलं नाही.
मामांना गेटवरच थांबवलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, छातीचा फोटो काढा, मग बघू. डबा हातात धरून उभे होते. मला म्हणाले, "ताई, घास टाकायचा ऱ्हायलाय."
मी टाकला.

१८, रवि., दौंड
इफ्तारला घरी. अम्मी म्हणाली, किती वाळलीस. रोजे आहेत म्हटलं. भावाची मुन्नी मांडीवरच झोपून गेली, उठवावंसं वाटेना. मामांचं घरी काही बोलले नाही.

२१
मामी इनामगावहून गेटवर आल्या होत्या. दवाखान्याचा माणूस घरी चौकशीला येऊन गेला, त्यामुळं गावभर झालंय. नळावर बाया हंडा लांब ठेवतात. थोरल्या मुलीला, सुनीताला, बघायला यवतची माणसं येणार होती, त्यांनी निरोप धाडला, जरा थांबू.
मग हळूच विचारलं, "ताई, वर तुमीच कळवलं व्हय?"
मी नाही म्हणाले. सरांनीच काढलं शोधून.
का म्हणाले असं

२३
मामांची थुंकी साफ. फोटो साफ. सर कागद बघून म्हणाले, बरं, मंगळवारपासून ये म्हणावं.
दुपारी खोलीत गेले. गाठ आलेले पिंजरे जवळजवळ सगळे एकाच भिंतीला. मामा तर खोलीभर फिरतात, प्रत्येक पिंजऱ्यात घास टाकतात. त्या भिंतीशी माझं टेबल आहे. तिथं मी बसते, नोंदी लिहीत. चष्म्यावर वाफ येते म्हणून मास्क गळ्यात.
खोकला दिवाळीपासून आहे. पिंजऱ्यातल्या भुशाची धूळ म्हणत आले. इथंसुद्धा कधी लिहिला नाही.

२७
माझ्या फोटोत उजवीकडं वर सावली. थुंकीत जंतू. गोळ्या सुरू, रोजे बंद. कुठून लागला, डॉक्टरांनाही सांगता येईना.
मला खोलीत बंदी. सगळी जनावरं संपवायची ठरलं, गाठ न आलेलीसुद्धा. मामा आजच कामावर आले, आणि आल्या आल्या हेच काम. काचेतून बघितलं. पिंजरा साफ करताना काढतात तसंच, एकेकाला पाठीखाली हात देऊन काढत होते, सरांकडं देत होते. बाकीची शिट्या घालत होती. घास येणार वाटून.
मामांनी एकदाही काचेकडं बघितलं नाही.

३०, ईद
दौंडला गेले नाही. भाऊ शीरखुर्मा घेऊन आला, डबा पायरीवर ठेवायला सांगितला. घरातल्या लहानांना तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मुन्नी तर तुझ्याजवळच असते." आणि गेला.

७ फेब्रु.
मुन्नीला आजार नाही. पण खबरदारी म्हणून सहा महिने रोज गोळी, चुरून. कडू लागते, थुंकते म्हणे. अम्मीनं फोनवर एवढंच सांगितलं.

१५, रवि.
आता लोकांत जायला हरकत नाही, डॉक्टर म्हणाले. थेट इनामगाव.
अंगणातच सांगितलं. खोकला माझा होता. तुमचं नाव सरांना मी दिलं. मामींशी खोटं बोलले. मामी आत गेल्या त्या परत बाहेर आल्या नाहीत. चहाचं कुणी विचारलं नाही. बरंच वाटलं.
यवतला मीच जाते म्हणाले, सांगते त्यांना की आजार माझा, या घरात काही नाही.
मामा म्हणाले, "तुमचं बी लगीन व्हायचंय, ताई. कळलं की माणसं तुमाला बी सोडायची न्हाईत."
सुनीता दारात उभी होती. तिनं बापाला सांगितलं, "जाऊ द्या त्यांना."
यवतला जाऊ द्या, का इथनं जाऊ द्या. विचारायचा धीर झाला नाही.
न्हावऱ्यावरून आले, चौफुल्याला उतरलेय. दौंडची गाडी आत्ता येऊन गेली. चढले नाही. यवतची अजून यायचीय.