मास्तरांवर विश्वास नाही

वसई, मंगळवार संध्याकाळ

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात आज माझा शिकायचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी चुकले. मास्तरांनी बंदूक उघडली, रिकामी असल्याचं बघितलं आणि मिटून माझ्या हातात दिली. मी न उघडताच कामाला लागले. वडीलधाऱ्यांनी बघितलेलं आपण पुन्हा काय बघायचं? उद्धटपणाच ना तो!

मास्तरांनी ती काढूनच घेतली. "हातात आली की उघडून बघायची. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही. जमत नसेल तर उद्या येऊ नकोस."

जाणार. नाकावर टिच्चून जाणार.

मघाशी आई म्हणाली, "गॅस बंद केलाय गं." मी उठून बटण बघून आले.

"माझ्यावर विश्वास नाय?"

"नाही," म्हटलं.

आई फुरंगटली. मग हळूच उठली आणि स्वतःही बघून आली.