‘रिकामं माजघर’चे वाचक

२ सप्टेंबर २००१
ई-मेलचा ग्रूप एकदाचा सुरू झाला. ‘नूलकर वाचक’. नसीरभाईंच्या चष्म्याच्या दुकानात बसून केला. राजारामपुरीत एवढं वाचणारा दुसरा दुकानदार नसेल. लाइन तीनदा गेली. सध्या सभासद दोन, मी आणि न.भाई. म्हणाले, “ताई, दोन माणसं भेटली की मंडळ झालं की!”
घरी नवरा, अनिल : “मेलेल्या लेखकाचं इंटरनेट? कोण येणार हाय?”

२१ ऑक्टोबर
येतायत. मस्कत, नागपूर, बेळगाव. पुण्याचे इनामदार तर रोज लिहितात, नूलकरांवर त्यांचा प्रबंध आहे. सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी, वाचताना डोळे दुखतात, तरी वाचते.
‘रिकामं माजघर’वर चर्चा काढली. बायको गेल्यावर नूलकरांनी लिहिलेली कादंबरी, म्हणून सगळ्यांचीच लाडकी. मस्कतच्या गृहस्थांनी बायकोच्या आजारपणात उशाशी ठेवली होती. मीही लिहिलं, आई, आमची अव्वा, गेल्यावर अप्पा महिनाभर तेवढंच पुस्तक घेऊन बसायचे. आमच्या लेकीचं रेवती हे नावही त्यातल्या नायिकेचंच. ते लिहायचं राहिलं.
फार दिवसांनी बरं वाटलं.

९ डिसेंबर
आज ग्रूपवर एक पत्र आलंय. सही वसुधा, नूलकरांची मुलगी. आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. पण चेष्टा अशी नसते.
ती लिहिते, पुस्तक निघालं तेव्हा आई जिवंत होती. वेड्यांच्या इस्पितळात. बाबांनी तिला तिथं ठेवली आणि घरी, गावात, सगळीकडे सांगितलं की वारली. पुढं बरीच वर्षं ती तिथं जगली.
पुन्हा वाचलं.

१० डिसेंबर
ग्रूप पेटलाय. ‘पुरावा द्या.’ ‘बापाच्या नावावर जगणारी.’ एकानं तर आईला वेड होतं तसं लेकीलाही असेल, असं लिहिलं. इनामदार मला वेगळं लिहितात : तुम्ही ग्रूप काढलात, जबाबदारी तुमची, पत्र काढून टाका.
न.भाई : “काढायचं न्हाई. पुस्तकावर रडला न्हवं सगळे? मग आता ऐकायचं.”
आजपासून प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे येईल, मी मंजूर केलं तरच पुढं जाईल, असं करून घेतलं. वसुधाबाईंना पत्ता विचारला. कळंब्यातच राहतात! इतकी वर्षं एका गावात.

१६ डिसेंबर
कळंब्याला गेले. दोन खोल्या. बाई साठीच्या पुढच्या, एकट्या. दारातच विचारलं, “त्यांच्या बाजूनं आलीस की माझ्या?” मी चपला काढत राहिले. “बरं, बस.”
जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.
“आठ वर्षांची होते. आजोळाहून आले तर आई नाही. बाबा म्हणाले, गेली. मी रडले नाही म्हणून मावशीनं चिमटा काढला. माझं लग्न झाल्यावर मामानं खरं सांगितलं. तोवर ती खरोखरच गेली होती.”
विचारलं, वेड होतं का त्यांना?
“मला काय माहीत? मोठ्यानं भांडायची. बाबांचे कागद एकदा आडात टाकले होते. एवढ्यानं माणूस वेडं होतं का, तूच सांग.”
थोड्या वेळानं आपणहून : “मला कधी बोट नाही लावलं त्यांनी. तापात रात्रभर बसायचे. म्हणून तर इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.”
निघताना म्हणाल्या, “आणि तिचं नाव रेवती नव्हतं. अंबू. पुस्तकात बरं दिसलं नसतं.”
माझ्या लेकीचं नाव सांगितलं नाही.

४ जानेवारी २००२
वसुधाताईंना फोन येतायत. कुणी नंबर शोधलाय कळत नाही. “नूलकरांची शताब्दी तोंडावर आणि तुला हेच सुचलं का?” शिव्याही. काल एकजण नुसता हसत राहिला म्हणे.
अनिल शिरोलीहून आला तो चिडूनच. फौंड्रीच्या साहेबांनीही विचारलं, तुमच्या मिसेस काय चालवतात? “तुला काय गरज होती गं? चांगलं वाचत बसलीवतीस की.”
त्याचं चूक आहे असंही नाही.

१२ जानेवारी
व.ताईंचा फोन. “काढून टाक ते. झोप नाही मला.”
न.भाईंनी कॉम्प्युटर चालू करून दिला. पत्र काढलं. पण ते तर कधीच सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडलंय. तिथून कोण काढणार?
इनामदारांनी लगेच लिहिलं, ‘पत्र मागे घेतले, म्हणजे सत्य समोर आले. आभार.’ ते मंजूर केलं नाही. मग त्यांनी दुसरा ग्रूप काढला. निम्मे तिकडे गेले. मस्कतचे गृहस्थही. जाताना एवढंच म्हणाले, माझ्या बायकोच्या आठवणीचं पुस्तक होतं, ते तुम्ही नासवलंत.


३० जानेवारी
‘माजघर’ उघडलं. बायकोच्या जाण्याचं प्रकरण. अजूनही रडू आलं. स्वतःचाच संताप. इतकं खरं कसं लिहिलं त्यानं? ती तिकडं जेवत असेल तेव्हा हा इकडं

२४ फेब्रुवारी
ग्रूपवर तीन आठवडे सामसूम होती. आज मंजुरीसाठी एकच पत्र. सांगलीकडची बाई, ओळखीची नाही. तिची म्हातारी आई तरुणपणी त्या इस्पितळात नर्स होती, तिनं सांगितलेलं हिनं टाइप केलंय.
अंबूबाई तिला चांगल्या आठवतात. सुरुवातीला रोज फाटकाशी यायच्या, मला घरी न्या, माझी पोर लहान आहे. मग घरून निरोप आला, मुलगी देवीच्या साथीत गेली. त्या दिवसानंतर घरी न्या म्हणणंच त्यांनी सोडलं.
न.भाईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसत बसले. “सांगायला तर पाहिजे, ताई. पण कसं, ते मला इचारू नका.”
अनिलला सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला. मग : “नको सांगूस. काय उरलंय त्या बाईकडं?”
ग्रूपवर घालणार नाही, तेवढं नक्की. बाकी काही ठरेना. संध्याकाळी व.ताईंना फोन लावला. आवाज पुष्कळ बरा होता, हल्ली फोन येत नाहीत म्हणाल्या.
“काय काम काढलंस?”
म्हटलं, उद्या येऊन बोलते.
“वाईट आहे का?”
तिकडं कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाल्या, “जेवायलाच ये.”