फेरा मिटवणारी

६ मार्च, गुरुवार
एटेल्काआत्या जाऊन पाच महिने. तिचा चर्चचा गायकवृंद आता माझ्याकडे. मी ध्वनी-अभियंता; पद्धतशीर काम करणार. सरावाला फेरा: एकच चाल, तीन गट, प्रत्येक गट चार मात्रा मागून. २० एप्रिलला, ईस्टरला, हाच गायचा. फसला तर पाद्रीसाहेब वृंद बंद करून स्पीकर लावणार. फसणार नाही.
मी गाणार नाही. ऑक्टोबरपासून घसा बरा नाही. त्याचा आत्याशी संबंध नाही.

१३ मार्च
तिसरा गट संपला. हात खाली आणला. कोणी बसेना. चार मात्रा गप्प उभे, मग बसले. बास, म्हणजे खालचा सूर, गाणारे लोरिंत्सकाका म्हणाले, "एटेल्का मागच्या बाकावरून शेवटची ओळ एकटी गाऊन फेरा मिटवायची. त्याआधी बसतात होय?" ती वारली, मी म्हणाले. "मग ते तिला सांग."
शिस्त लावणे.

२० मार्च
त्या चार मात्रांत मागून बाईचा आवाज आला. बारीक, किंचित उतरलेला. पहिल्या गटातल्या इर्माकाकू पुटपुटल्या, "आली."
मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी. आवाज शोषायला केचकेमेत शहरातून जाड लोकरी नमदा मागवला.

२७ मार्च
नमदा लावला. आवाज तरीही आला. नमदा हलका असणार.
इर्माकाकूंनी मागच्या बाकावर पोगाच्सा, आत्याची आवडती खारी पावटी, ठेवली. उंदीर येतील, मी म्हणाले. "उंदीर खरे आणि ती खोटी काय गं?"
त्या बाकाकडे पाहायचं नाही.

१० एप्रिल
पाहिलं. कोणी नाही. आवाज आलाच. मान गार पडली. चर्च थंड आहे.
पुढच्या वेळी दोन माइक: एक बाकावर, एक माझ्या कॉलरला, तुलनेपुरता.

१७ एप्रिल
बाकावरच्या माइकवर आवाज पुसट. कॉलरच्या माइकवर स्वच्छ, श्वासासकट. तीनदा तपासलं. माइकची अदलाबदल झालेली नव्हती.
लोरिंत्सकाकांना विचारलं, ठाऊक होतं? "पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं तर गप्प झाली असतीस."
रविवारी तोंड बंद ठेवणे.

२० एप्रिल, ईस्टर
तिन्ही गट अचूक. हात खाली. तोंड बंद.
चार मात्रा गेल्या. कोणीच आलं नाही. मागच्या बाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सगळे उभेच. पाद्रीसाहेब स्पीकरकडे वळले.
मी मागे जाऊन त्या बाकावर बसले. एकटीने फेरा मिटवला. सूर उतरलाच. सगळे बसले.
इर्माकाकू म्हणाल्या, "आली."
घसा ठीक आहे.