तावारायाच्या दारात

प्रिय आई,

हे पत्र एका बैठकीत लिहिलेलं नाही. दोन ओळी लिहिते, उठते, खोलीत येरझाऱ्या घालते, परत बसते. पुढच्या पौर्णिमेला माझी पहिली मिरवणूक. योशिवाराच्या, या कोठ्यांच्या वस्तीच्या, भर रस्त्यातून, चेरीच्या झाडांखालून. इथल्या आमच्या घरातला सगळ्यात वरचा मान आता माझा, म्हणून मुकादमीण ओतोरा मला घटकाभर टेकू देत नाही.

वीतभर उंच काळ्या खडावा घालायच्या, पाय बाहेरून गोल फिरवून पुढे टाकायचा, थांबायचं, मग दुसरा. अंगावर रेशमाचं ओझं. आधाराला गिहेई नावाच्या गड्याचा खांदा. तो बिचारा म्हणतो, बाईसाहेब, तुमच्या बोटांनी खांदा काळानिळा झाला, आता घरी बायकोला काय सांगू? पावलं जमली गं मला. झोप तेवढी जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात तू एवढी लांबून चालत आलीस आणि मालकाने तुला दारातूनच परतवून लावलं, हे तू गेल्यावर कळलं. आई दिसली की पोरी बिघडतात, असं म्हणाला म्हणे. एवढ्याशा मला तुम्ही इथे सोडून गेलात, त्याचा राग होता मला. खोटं कशाला बोलू? पण माझ्यासाठी सुकवून आणलेली फळं ओतोराने बसून खाल्ली हे ऐकलं, आणि मी ढसाढसा रडले. आता राग नाही. मला तू हवीस, डोळ्यांसमोर, एकदा तरी.

काल ओतोराने बजावलं, "मिरवणुकीत पडलीस तर मान गेला समज. परत खालच्या खोलीत, पोरींच्या रांगेत."

तर आता नीट ऐक. धाकट्याला बरोबर घे. बायकांना बाहेर पडताना वेशीवर चिठ्ठी दाखवावी लागते, ती आत येतानाच मागून घे. रस्त्यावर गर्दीत उभी राहू नकोस. तावाराया नावाच्या चहाघरात जा, तिथली म्हातारी मालकीण आपल्या बाजूची आहे, ती तुला मागच्या खोलीत बसवेल. आमच्यात रीतच आहे, मिरवणुकीत जी पडेल तिने समोरच्या चहाघरात शिरायचं आणि अंगावरचा कपडा न् कपडा बदलूनच बाहेर यायचं. घरून दुसरे कपडे येईपर्यंत मालकालाही मला तिथून हलवता येणार नाही. बाहेर लोक हसायला लागले की घाबरू नकोस. मी आले असं समज.

तुझीच,
ओशिगे