अंगणातली पाटी

लाइल,

न्यायाधीशाच्या निवडणुकीच्या प्रचारात तुझ्या अंगणात माझ्याविरुद्ध उभ्या व्हिटलोची पाटी दिसली. वाटलं, कुणीतरी चुकून रोवली. "उपटू का?" विचारलं, तर म्हणालास, "राहू दे, नेडीन. चोरांना सोडवणारी बाई काउंटीची न्यायाधीश झाली, तर कसं व्हायचं?"

चोरांना! कोर्टाने नेमलेली वकील म्हणून गरीब आरोपींचे खटले लढवते मी. त्यात तुझा मुलगा डॉरियनही होता. तेव्हा रडत होतास, "पोरगं आहे गं, सोडव."

असो. मी पडले, व्हिटलो न्यायाधीश झाला. काल डॉरियनला पुन्हा पकडलंय. उद्या व्हिटलोपुढेच उभा राहील. कडक माणूस हवा होता ना तुला?

हे पत्र टाकत नाही. उद्या कोर्टात भेटूच. डॉरियनची वकील मीच आहे. ती नोकरी तेवढी तू माझी शाबूत ठेवलीस.

तुझी बहीण,
नेडीन